सुनेचं ‘ओव्हर’

छप्पन सालच्या दिवाळीत फौजी नरहर सुटीवर नाचणगावला आला आणि वडिलांना, अण्णाजींना, सांगू लागला, “आधी वायरलेस खेचरावर लादा लागे, आता एकटा मानूस पाठीवर नेते. नियम मात्र जुनाच. समोरचा ‘ओव्हर’ म्हणत नाई तोवर आपण बोलाचं नाई.”

घरात बोलण्याचा मक्ता अण्णाजींचाच, त्यामुळे नियम त्यांना फार आवडला. सून नलूनं पुलगावच्या शाळेतली नोकरी का धरू नये, यावर ते चहा पार थंड होईपर्यंत बोलले. शेवटी दमून म्हणाले, “बोल आता. ओव्हर.”

“मामाजी, सोमवारपासून मी शाळेत जाणार हाय,” नलू म्हणाली आणि चहा गरम करायला आत गेली.



अठ्ठावन्न साल उजाडलं. नलू रोज शाळेत जाते आणि अण्णाजी अजून तिच्या ‘ओव्हर’ची वाट पाहताहेत.