चार वेण्या

१९६४ साल. कंप्यूटरच्या मेमरीतल्या चुका पकडायचं काम सुधींद्र करी, आणि त्याचा त्याला भारी तोरा होता. चार भाच्यांना घेऊन तो बसवनगुडीच्या शेंगांच्या जत्रेला निघाला, तेव्हा त्यांची आई, म्हणजे त्याची अक्का, म्हणाली, "सुधी, गर्दी फार. मधूनमधून एकेकीला नावानं हाक मार."

"आमचं मशीन नावं विचारत नाही अक्का, नुसतं मोजतं. एक जरी आकडा कमी भरला, तर जागच्या जागी थांबतं."

पोरींना पुढं घालून, मागून वेण्या मोजत तो जत्राभर फिरला. दर वेळी चार. तिन्हीसांजेला चार वेण्या घराच्या पायऱ्या चढल्या.

अक्कानं दारातच नावं घेतली. तिघींनी ओ दिली.

"आणि गोदू?"

चौथी पोर दिव्याच्या उजेडात आली, आणि शेंगा सोलता सोलता कन्नडमध्ये म्हणाली, "माझं नाव लीला."

 

सुधींद्रनं मान वर न करता पुन्हा चपला घातल्या. अक्का एवढंच म्हणाली, "हिलाही घेऊन जा. हिच्या घरचं मशीन जागच्या जागी थांबलं असेल."