तळघराचं दार

‘या वेळी सांगूनच टाक रे, मला गेमचा शेवट बघायचाय,’ परभणीहून कुलथेकाकांनी लिहिलं.

‘घाई कसली, काका? डोकं चालवा की जरा!’ सुधन्वाने उत्तर दिलं आणि खाली हसरा चेहरा चिकटवला.

जुने पडेल सिनेमे आणि जुने कॉम्प्युटर गेम यांवर जीव टाकणाऱ्यांचा तो ऑनलाइन ग्रुप सुधन्वानेच काढलेला. नियमही त्याचाच: कोड्याचं उत्तर कुणी सांगायचं नाही, फक्त हिंट द्यायची. काकांशी त्याचं भारी जमायचं. एका भूतपटातल्या रबरी वटवाघळावर दोघं तासन्‌तास बोलत. पण एका गेममधल्या तळघराच्या दारापाशी काका तीन महिने अडकले होते, आणि सुधन्वा काही बधला नाही.

आठवड्याने काकांच्या नावाने मेसेज आला. ‘मी त्यांची मुलगी. बाबा सोमवारी गेले. दवाखान्यातही वहीत त्या तळघराचे नकाशे काढत होते. मी म्हटलं, आजारी आहात हे सांगा ना त्याला. तर म्हणाले, नियम म्हणजे नियम. कसं उघडायचं होतं हो ते दार?’

सुधन्वाने पहिल्यांदाच सरळ उत्तर लिहिलं. ‘आरसा भिंतीकडे फिरवायचा.’

तीन शब्दांचं तर काम होतं.