सार्जंटसाठी एक ताट

सार्जंट पिनेडानं आणखी एक टॉर्टिया उचलली, तशी आजीनं न विचारता त्याच्या ताटात रस्सा ओतला. शेजारी बसलेल्या नोएचं ताट केव्हाचं कोरडं पडलं होतं. तिकडे तिचं लक्षही नव्हतं.

सुरुवात एका फोननं झाली होती. लष्कराच्या भरती कचेरीतून बोलतोय, तुमच्या नातवाशी बोलायचं आहे, असं कुणीतरी म्हणालं. या भागात असे फोन घरोघर येतात. बारावीच्या मुलांची नावं आणि नंबर शाळाच लष्कराला देते. नको असेल तर घरच्यांनी सप्टेंबरात तसं लिहून द्यावं लागतं. बाकीच्या आज्या असा फोन आपटतात. ओफेलिया आजीनं त्या माणसाला रविवारी जेवायला बोलावलं.

तेव्हापासून दर रविवारी चर्च सुटलं की सार्जंट हजर. माणूस वाईट नव्हता, हीच पंचाईत होती. जेवण झालं की ताटं विसळायचा. अंगणाचं मोडकं कुंपण त्यानं कुणी न सांगता नीट केलं होतं, नोएला गाडी चालवायला शिकवली होती. मात्र नोएच्या पुढच्या आयुष्याचा विषय निघाला, की पोपटासारखा सुरू व्हायचा: पगार, कॉलेजची फी, जग पाहायला मिळेल. मग आजी मध्येच त्याला विचारत सुटायची. लहानपण कुठे गेलं, आईचं नाव काय, खोकला अजून होतो का, रात्री झोप लागते का.

"आजी, भरती करायला मी आलोय की तुम्ही?" तो एकदा म्हणाला. तोही आता तिला आजीच म्हणायला लागला होता.

"गुपचूप जेव," आजी म्हणाली. "बरगड्या मोजता येतील तुझ्या."

नोए हसला, पण ते त्याला आत कुठेतरी लागलं. आई-वडील गेल्यापासून घरात तो आणि आजी, दोघंच. वडिलांचा भिंतीवरचा फोटोही तिनं हल्ली उतरवून ठेवला होता; काच तडकलीय म्हणाली. नोएला लष्करात जायचं नव्हतं. गावातच वेल्डिंग शिकावं, संध्याकाळी घरी यावं, आजीची कुरकुर ऐकत जेवावं, एवढंच त्याला हवं होतं. आणि आजी त्याला न्यायला आलेल्या माणसाचे लाड करत होती. आपण तिला जड झालो की काय, हा विचार मनातून जाईना.

त्या दिवशी निघताना सार्जंट म्हणाला, पुढच्या रविवारी कागद घेऊन येतो. नोए अजून अठराचा नाही, त्यामुळे सही आजीची लागेल.

"ये की," आजी म्हणाली. "लवकर ये."

सोमवारी नोए धीर करून शाळेतल्या समुपदेशक बाईंकडे गेला. आमचा नंबर आता तरी यादीतून काढता येईल का, असं त्यानं विचारलं. बाईंनी संगणकात पाहिलं, मग चष्म्यावरून त्याच्याकडे. त्याच्या आजीनं सप्टेंबरातच स्वतः येऊन लिहून दिलं होतं. शाळेनं त्यांचा नंबर लष्कराला दिलेलाच नव्हता.

आठवडाभर त्यानं ते पोटात ठेवलं. रविवारी आजी कोथिंबीर चिरत होती, तेव्हा विचारलंच.

"आजी, त्याला आपला नंबर दिला कुणी?"

"मी." सुरी चालूच होती.

"एवढी घाई झालीय मला घालवायची?"

सुरी थांबली. आजीनं ओल्या हातांनीच त्याचा चेहरा धरला. "वेडा आहेस. तुला कुठं जाऊ देणार मी? सही आज नाही आणि कधीच नाही."

"मग त्याला कशाला बोलावलंस?"

"मी लिहून द्यायला शाळेत गेले, तेव्हा तो दाराशी टेबल मांडून बसला होता. नातू बारावीत आहे म्हटलं आणि नंबर दिला. एरवी कशाला आला असता तो माझ्या घरी?"

बाहेर गाडी थांबली. आजीनं घाईघाईनं डोळे पुसले.

"तुझ्या बापाची पहिली बायको घर सोडून गेली, तेव्हा तिच्या कडेवर दोन वर्षांचं पोर होतं," ती म्हणाली. "चेहरा बापाचाच, बघताच ओळखला मी. त्याला अजून काही ठाऊक नाही. जा, भावाला दार उघड."