पाठीमागच्या गाठी
सासूबाईंची हयात गोधड्या शिवण्यात गेली, पण दोऱ्याला गाठ त्यांनी कधी मारली नाही. टोक त्या आतच जिरवत. म्हणून अर्धवट गोधडीच्या पाठीवर बोटांना गाठ लागली, तेव्हाच मनात पाल चुकचुकली. कोणीतरी त्यांचे टाके उसवून पुन्हा घालत होतं. घरात दुसरं कोण? सूनच, पण ती म्हणायची, "मला साधं बटण लावता येत नाही." सासूबाईंनी सापळा लावला. मधोमध वीतभर लांब, वाकडा टाका घातला आणि फिरायला गेल्या. येऊन पाहतात तर आजूबाजूला नव्या गाठी, तो टाका मात्र जसाच्या तसा. "सगळं उसवलंस, मग हाच का ठेवलास?" त्यांनी दरडावलं. सून चाचरत म्हणाली, "आई, तेवढाच तुम्ही मुद्दाम वाकडा घातला होतात." सासूबाईंनी थरथरती सुई पुढे केली. "दोरा ओव. गाठ कशी टाळायची ते दाखवते."