पेरगालचा कौल

देवाशपथ सांगते, यातला शब्दन् शब्द खरा आहे. पटत नसेल त्यानं पेरगालच्या चढावर जाऊन विचारावं. चढ असा, की तिथल्या कोंबड्यांचा एक पाय आखूड असतो.

तर मेयर ओदिलों पोटावर मेयरपदाचा तिरंगी पट्टा बांधून सकाळपासून मतपेटीशी बसला होता. गावात माणसं दहा, मतं दहा. प्रश्न एकच. आठशे वर्षांचं पेरगाल खालच्या शाम्ब्रोलमध्ये विलीन करायचं का? 'हो' म्हटलं की गावाचं नाव नकाशावरून पुसलं जाणार.

आणि शाम्ब्रोलवाले कोण, तर दोनशे वर्षांपूर्वी, राज्यक्रांतीत, पेरगालच्या चर्चची घंटा पळवणारे. चाळीस बैल लागले होते ओढायला. पेरगालची पोरं आधी हे शिकतात, मग अक्षरं.

पहिलं मत म्हाताऱ्या झेलीचं. "त्या घंटाचोरांच्या नावाखाली मरायला मी काय खुळी आहे?" असं म्हणत ती पडद्याआडून बाहेर आली आणि ओदिलोंच्या पाठीत तिनं थाप मारली. रने नावाचा मेंढपाळ डोळा मारून गेला. "आज त्यांची जिरली म्हणून समज, मेयर." बाकीचेही तसेच, थाप मारून गेले.

ओदिलों शेवटचा. त्यानंही सगळ्यांसारख्याच 'हो'ची एक, 'नाही'ची एक अशा दोन चिठ्ठ्या उचलल्या आणि पडद्याआड गेला. एक पाकिटात घालायची, नको असलेली खालच्या टोपलीत टाकायची. त्यानं टोपलीत पाहिलं.

नऊ चिठ्ठ्या. नऊही 'नाही'च्या.

म्हणजे झेली सोडली तर प्रत्येकानं ही टोपली पाहिली होती. पाहून बाहेर आले होते, आणि थाप मारली होती.

त्याला राग येईना. विलीन झालं तर बर्फ काढायची गाडी वरपर्यंत येणार होती. गेल्या जानेवारीत त्याची बायको मार्त छातीत कळ येऊन पडली, तेव्हा अँब्युलन्स दोन दिवस खालच्या वळणावर अडकली होती. वर पोचली तेव्हा कसलीच घाई उरली नव्हती.

"झोपलास का रे आत?" बाहेरून झेली म्हणाली. "एक कागद घालायला किती वेळ?"

सगळ्यांदेखत पेटी उघडली. नऊ 'हो', एक 'नाही'. जो तो आपल्या बुटांकडे बघत राहिला. शेवटी झेलीच हळू आवाजात म्हणाली, "तू तरी जागलास बाबा शब्दाला."

ओदिलोंनं पट्टा सोडला, घडी घातली आणि खणात ठेवून दिला.

बरं, एवढं एक मी पदरचं घातलं. ते एक 'नाही'. पेटीतून दहाच्या दहा 'हो' निघाले, आणि झेली काहीच बोलली नाही.