आठ हजारांची खोली

"मावशी, कुणी फोन करून विचारलं तर एवढंच सांगायचं. गुरुजी माझ्या खोलीत भाड्यानं राहतात. महिन्याला आठ हजार देतात."

हे वाक्य अजिनाथ गुरुजींनी शाळेतून येताना मोटारसायकलवर तीनदा घोकलं होतं. तरी छबुबाईंच्या अंगणात ते म्हणताना त्यांची मान काही वर झाली नाही.

सकाळी मोबाईलवर आयकर खात्याचा संदेश आला होता. घरभाड्याच्या सवलतीचा आपला दावा तपासून घ्या, चुकीचा असल्यास विवरणपत्र सुधारा. दावा चुकीचा कसला, सपशेल खोटा होता. गुरुजी बीडला स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहत आणि नेकनूरच्या पुढच्या या गावाला रोज ये-जा करत. ही अक्कल शाळेतल्या युवराज सरांची. "भाडं भरणाऱ्या पगारदाराला करात सूट असते. गावातल्या कुणाच्याही पावत्या घ्या. महिना आठ हजार लिहा, तेवढ्याला घरमालकाचा पॅन लागत नाही. पगारातून कापलेला कर रिफंड म्हणून परत येतो. सगळेच करतात." सगळेच करतात म्हटलं की आपल्याकडे पापाचं निम्मं ओझं तिथंच उतरतं.

म्हणून मागच्या दसऱ्याला, छबुबाई ऊसतोडीला निघायच्या गडबडीत असताना, गुरुजींनी त्यांच्यापुढे बारा पावत्या ठेवल्या. "तुमची पुढची खोली मी भाड्यानं घेतलीय, एवढंच आहे यात." छबुबाईंनी एकामागून एक बारा अंगठे उठवले. आकडा विचारला नाही, पैशाचं नाव काढलं नाही. नातीला शिकवणारा माणूस, त्याला काय विचारायचं! यंदा ऑगस्टमध्ये रिफंड आला. चार हजार नऊशे नव्वद रुपये. बीडच्या घरात नवा मिक्सर आला.

आणि आता हा संदेश. चोराच्या मनात चांदणं. गुरुजी शाळा सुटताच छबुबाईंना पढवायला धावले होते.

छबुबाई मात्र हसल्या. "त्यात शिकवायचं काय, गुरुजी? खरंच हाय की ते. फकस्त आठ हजाराचं मला ठावं नव्हतं."

गुरुजींच्या कानशिलांना धग लागली. काही बोलायच्या आत छबुबाईंनी कनवटीची किल्ली काढली आणि पुढच्या खोलीचं कुलूप उघडलं.

खोली रिकामी होती. जमीन ताजी सारवलेली. भिंतीला चुन्याचा हात दिलेला. एका बाजूला बाज, तिच्यावर घडी न मोडलेली सतरंजी.

"इथं कोण राहतं?" गुरुजींनी विचारलं.

"तुमीच की! दर सोमवारी सारवते. कारखान्याला गेलतो तवा कुलूप लावून गेलतो, शेजारनीला बी किल्ली दिली न्हाई."

"पण मी तर कधी आलोच नाही."

"तुमी मोटी मानसं. सवड झाली की येताल. येता का, येता का म्हनून इचारनं बरं दिसतं व्हय?"

तेवढ्यात बाहेर तान्हं रडलं. गुरुजींनी वळून पाहिलं. अंगणात येताना हे त्यांच्या नजरेला पडलंच नव्हतं. पडवीत, पत्र्याला बांधलेल्या ताडपत्रीच्या आडोशाला छबुबाईंची लेक करिष्मा बाळाला घेऊन बसली होती. आदल्या रात्रीच्या पावसानं खालचं पोतं अजून ओलं होतं. मागं चुलीपुरती जागा, ती धुरानं भरलेली. धड खोली या घराला एकच होती आणि ती गुरुजींनी घेतली होती.

"ही बाहेर का?"

"श्रावणात बाळंत झाली. म्हनत व्हती, आई, आत घे. म्या म्हनलं, दिलेली खोली हाय. अंगठा दिलाय म्या."

गुरुजींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आयुष्यात एवढी लाज त्यांना कधी वाटली नव्हती. दंडाची भीती सकाळपासून पोटात होती, ती आता आठवेना. त्यांनी सतरंजी उचलली, करिष्माच्या हातात दिली आणि छबुबाईंपुढे हात जोडले.

"मावशी, चुकलो मी. ते कागद खोटे आहेत. मी आजच सुधारून घेतो, पैसे सरकारला परत भरतो. कुणाचा फोन आला तर खरं सांगा. गुरुजी इथं कधीच राहिले नाहीत, त्यांना खोली नकोच होती, असं सांगा."

छबुबाईंचं हसू मावळलं. त्यांनी एकदा गुरुजींकडे पाहिलं, एकदा पडवीकडे.

"असं कसं सांगू, गुरुजी? मग माझ्या लेकीनं भर पावसात पडवीत बाळंतपण काढलं, ते कुनासाठी?"