नवशिक्यांचा सेट

"पहिल्यांदाच घेताय ना काकू? मग महागातलं काही नको," दुकानदार म्हणाला. "साधा कॉम्प्युटर, बरं ग्राफिक्स कार्ड आणि ही जॉयस्टिक. बसा घरबसल्या विमान उडवत! मुलासाठी का?"

"नाही. तो खरंखुरं उडवायचा."

"मग त्यालाच आणायचं की निवडायला!"

काकूंनी जॉयस्टिककडे हात पुढे केला. त्याने जॉयस्टिक त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती ओढली, तसं स्क्रीनवरचं विमान वर गेलं, कललं आणि डोंगरावर आदळलं.

"घाबरू नका," तो हसला. "हे बटण दाबायचं, की विमान परत धावपट्टीवर. एक ओरखडा नाही, बघा."

काकूंनी बघितलं. मग जॉयस्टिक काउंटरवर ठेवली.

"ही राहू द्या. मला नुसतं ते बटण लागेल."